आडवं पडण्याची शर्यत

मला हरायला आवडत नाही. हे वाक्य लोक साधारणपणे खाली बघून, नम्रतेने म्हणतात. मी मान वर करून म्हणते. लहानपणी कुणी माझ्याआधी दूध संपवलं तर मी माझा पेला मोरीत पालथा करायचे, म्हणजे शर्यतच रद्द. वर्गात कांजिण्यांची साथ आली तेव्हा माझ्या एकटीच्या पाठीवर जेवढे फोड होते तेवढे अख्ख्या मागच्या बाकावर मिळून नव्हते, आणि बरी होऊन शाळेत गेल्यावर पहिली बातमी मी तीच दिली. दादा म्हणतो की मला एकटीला लिफ्टमध्ये ठेवलं तरी मी लिफ्टच्या आधी वर पोचायचा प्रयत्न करीन.

म्हणून मी पोहते. पोहण्याइतका सरळ खेळ दुसरा नाही. भिंतीला हात आधी लागला की जिंकलात, नंतर लागला की हरलात. अक्षर चांगलं म्हणून जादा गुण नाहीत, नम्र स्वभाव म्हणून उत्तेजनार्थ बक्षीस नाही.

आमच्या क्लबात आणखी एक मुलगी आहे. तिला सगळे मासोळी म्हणतात. मला कुणी काहीच म्हणत नाही, यावरून काय ते समजा. मराठीत एखाद्याचा राग आला की त्याला पाण्यात पाहतात. आमचं तर रोज सकाळी शब्दशः तेच चालायचं. मी श्वासाला मान उजवीकडे वळवते, ती डावीकडे. शेजारच्या लेनमध्ये असलो की दर दुसऱ्या हाताला आम्ही एकमेकींच्या गॉगलमध्ये डोकावायचो. मैत्रीण म्हणावं तर बोलणं नव्हतं, शत्रू म्हणावं तर तिच्याइतकं मी कुणालाच निरखून पाहिलेलं नव्हतं.

तर गोष्ट अशी झाली की विभागीय संघात मुलींच्या दोनशे मीटरसाठी जागा एकच होती. रविवारच्या शर्यतीत जी पहिली येईल ती जाणार, बाकीच्या टाळ्या वाजवणार. ती जागा मला इतकी हवी होती की मी अंघोळ करतानासुद्धा नळाकडे प्रतिस्पर्धी म्हणून बघत होते.

आमच्या सरांचा आजवरचा सिद्धान्त असा होता की पाण्यातून बाहेर आल्यावर ओकारी झाली नाही तर तो सराव नव्हे. पण शर्यतीच्या थोडं आधी ते कुठल्याशा प्रशिक्षण शिबिराला गेले आणि परत आले ते पूर्ण बदलूनच. शिट्टी गळ्यात तीच होती, पण आता ती वाजवायच्या आधी ते डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचे. त्यांनी आम्हा सगळ्या मुलींना काठावर बसवलं आणि ‘टेपर’ म्हणजे काय ते सांगितलं. शर्यतीच्या आधीचा आठवडा सराव हळूहळू कमी करत न्यायचा आणि अंगातली ताकद साठवायची. पोहणं कमी, धावणं कमी, जिने कमी. हे ठीकच होतं, जगभरचे पोहणारे करतात. पण सरांना कुठे थांबायचं ते कळत नाही.

“लक्षात ठेवा,” ते म्हणाले, “या आठवड्यात जी सगळ्यात जास्त आराम करेल, ती रविवारी जिंकेल.”

हे वाक्य त्यांनी आम्हा दोघींसमोर उच्चारायला नको होतं. बाकीच्या मुली ‘बरं सर’ म्हणून दप्तरं उचलून गेल्या. मी मासोळीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती मुद्दाम, अगदी सावकाश, काठावरच आडवी झाली. शर्यत तिथेच सुरू झाली.

घरी मी हे सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा उजळला. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांना माणसाच्या शरीरातही सगळीकडे केबल आणि कप्प्याच दिसतात. सर पहिल्यांदाच काहीतरी शास्त्रशुद्ध बोलले असं त्यांचं म्हणणं पडलं. भार वाढवायच्या आधी यंत्र थंड ठेवायचं असतं. आता अडचण एवढीच होती की दुसऱ्यांच्या लिफ्टांवर आयुष्य घालवलेल्या या माणसाचं घर बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. बाबांनी थोडा वेळ जिन्याकडे पाहिलं, मग जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीकडे, मग दादाकडे.

दुसऱ्या दिवसापासून मला खुर्चीत बसवून खाली नेण्यात आलं. बाबा पुढून, दादा मागून. वळणावर बाबा ‘हळू, डावीकडे, आता सोड’ अशा सूचना द्यायचे, जणू मी मोटर आहे. शेजारच्या काकू दार उघडून बघायच्या आणि काळजीने विचारायच्या, काय झालं हो पोरीला.

“काही झालं नाही काकू,” दादा धापा टाकत म्हणाला, “मेल्यावर चौघं लागतात, हिचं जिवंतपणी दोघांत भागवतोय.”

असं अभद्र बोलल्याबद्दल आईने त्याला वरच्या मजल्यावरून झापलं. पण आईचं मन तेव्हा माझ्या बाजूने नव्हतंच. जन्मभर जिने मला ‘ऊठ गं, किती लोळशील’ म्हणून हलवलं, तिच्यासमोर मी सरांच्या आज्ञेने लोळत होते, आणि तिचे हात नुसते शिवशिवत होते. दोन-तीनदा ती झाडू घेऊन माझ्या पलंगापर्यंत आली, शास्त्र आठवलं, आणि पलंगाखालून झाडून निघून गेली.

आईचं मन पालटलं ते मासोळीच्या आईच्या दाढेने.

आई दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस आहे. पेशंटच्या तोंडात लाळ ओढणारी नळी धरायची, कापूस द्यायचा, भीती वाटली तर खांद्यावर हात ठेवायचा. मासोळीच्या आईचं रूट कॅनल त्याच आठवड्यात सुरू होतं. तोंडात नळी असलेल्या बाईचं बोलणं जगात फक्त माझ्या आईला समजतं. ती म्हणते, सवयीचा प्रश्न आहे, स्वर ऐकायचे, व्यंजनं आपण घालायची. तर मासोळीच्या आईने खुर्चीत आडवं पडल्यापडल्या, कापसातून, अशी बातमी दिली की त्यांची मुलगी शाळेतून आली की जी झोपते ती रात्रीच्या जेवणालाच उठते, आणि तेव्हाही डोळे उघडत नाही, घास तोंडाशी न्यावा लागतो.

आता या बाईंनी आपल्या मुलीच्या झोपेचं कौतुक करावं आणि माझ्या आईने नळी धरून मुकाट ऐकावं, हे आमच्या घराण्यात बसत नाही. मला ही जिद्द काही आकाशातून पडलेली नाही. आई म्हणाली, “आमची तर कूससुद्धा स्वतः बदलत नाही हो ताई. आम्ही बदलून देतो.”

हे तिने घरी येऊन आम्हाला सांगितलं, आणि सांगताना तिचा स्वर किंचित अपराधी होता. पण बोललेला शब्द परत घेता येत नाही. त्या संध्याकाळपासून माझी कूस खरोखरच बदलून देण्यात येऊ लागली. बाबांनी त्यासाठी चादरीची एक युक्तीही काढली, टोक धरून ओढलं की मी आपोआप भिंतीकडे वळायचे. दादाला परीक्षेचा अभ्यास सोडून यायला लागायचं, म्हणून तो जरा जास्तच जोरात ओढायचा.

पुढच्या भेटीला मासोळीच्या आईने कळवलं की मुलीला बोलण्याचेही श्रम नकोत म्हणून त्यांनी घरात खुणांची भाषा सुरू केली आहे. आईने उत्तर दिलं की आमच्याकडे तर खुणाही आम्हीच करतो, ती फक्त पापणी हलवते. डॉक्टर म्हणे मध्येच थांबले आणि दोन्ही मुलींना हाडांच्या डॉक्टरांकडे एकदा दाखवा असं म्हणाले.

शाळेतही माझं प्रकरण गाजलं. आमच्या मुख्याध्यापिकांना आत्तापर्यंत शाळेच्या नावावर फक्त एक वक्तृत्वाची ढाल मिळालेली आहे, त्यामुळे खेळाडू म्हटलं की त्यांना गहिवरून येतं. त्यांनी मला खेळाच्या तासाला सूट दिली, जी या जगात कुठल्याही खेळाडूला मिळालेली सगळ्यात विचित्र सवलत असेल. बाईंनी प्रश्न विचारला तर मी बसून उत्तर द्यायचं. मनगट दमू नये म्हणून वह्या मैत्रिणीने उतरवायच्या. मैत्रीण म्हणाली, तुला पोहायचंय हातांनी आणि तुटतायत माझे. मी तिला पापणीने उत्तर दिलं.

पण खरी झुंज सकाळी तलावावर असायची. सरांनी पहिल्या दिवशी हलक्या हाताने थोडं पोहायला सांगितलं. मासोळी निम्म्यातच बाहेर आली आणि टॉवेलात शिरली. मी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे लेनच्या दोरीखालून निघून काठ गाठला. दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरले, ओली झाले आणि बाहेर आले. ती पाण्यात उतरलीच नाही, फक्त पाय बुडवून बसली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोहण्याचा पोशाख घालून, टोपी घालून, गॉगल लावून, दोन टोकांच्या दोन बाकांवर पालथ्या पडलो होतो, आणि मधल्या तलावात बाकीच्या मुली पोहत होत्या. सर आमच्याकडे बोट दाखवून त्यांना सांगत होते, बघा, याला म्हणतात शिस्त.

आता मी एक सांगते, ते माझ्या जिद्दीला कमीपणा आणणारं असलं तरी. मला झोप येत नव्हती. मी आडवी होते, पण माझे पाय नव्हते. त्यांना वाटत होतं की कुठेतरी जायचं आहे आणि मी त्यांना उशीर करते आहे. दुपारभर मी छताकडे बघत मनातल्या मनात पोहायचे, भिंतीला हात लावायचे, वळायचे, परत यायचे, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या लेनमधला डावीकडे वळणारा तो गॉगल माझ्याबरोबरच असायचा. अंग असं भरून आलं होतं की शिंक आली तरी बरं वाटायचं. एकदा घरात कुणी नसताना मी उठून सगळी भांडी घासली, पुसली, आणि कुणाला कळू नये म्हणून परत खरकटी करून ठेवली. इतकं सुख मला त्या आठवड्यात दुसऱ्या कशातच मिळालं नाही. पण सोडायचं कसं? आधी जी उठेल ती हरली. आणि संघातली जागा एकच होती.

रविवारी बाबांनी मला गाडीतून उतरवून थेट तलावाच्या दारापर्यंत आणलं. आत मासोळी आधीच एका भिंतीशी टेकून उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन मामा, जणू कपाट घसरू नये म्हणून. शर्यतीच्या आधी अंग गरम करायला सगळ्यांना पाणी मोकळं करून देतात. सगळ्या मुली धपाधप उतरल्या. मी बाकावर बसले आणि मासोळी कधी उतरते ते बघत राहिले. ती माझ्याकडे बघत राहिली. आधी जी उतरेल तिने आठवडाभर साठवलेलं आधी खर्च केलं, असा आमच्या दोघींच्या डोक्यात एकच हिशेब होता. सर वरून खुणावत होते की उतरा आता, उतरा. आम्हाला वाटलं, ही परीक्षा आहे. मग लांब शिट्टी झाली, पाणी रिकामं करायला सांगितलं, आणि आम्ही दोघी तशाच कोरड्या, आठवडाभराच्या आखडलेल्या सांध्यांनिशी सुरुवातीच्या ठोकळ्यांवर चढलो.

उडी मारली आणि मला कळलं की मी पोहणं विसरले आहे.

म्हणजे हात हलत होते, पण ते माझे नव्हते, कुणीतरी उधार दिलेले होते. पाठीत काहीतरी करकरलं. पहिल्या वळणावर मी भिंतीला पाय लावला तो कुणीतरी रागाने दारावर लाथ मारतं तसा. मला वाटलं, संपलं, मासोळी पुढे गेली असणार. मान उजवीकडे वळवली तर गॉगल तिथेच. आणि तोही घाबरलेला. कडेच्या लेनमधली एक बारीक मुलगी, जिने आठवडाभर बिचारीने साधा सरावच केला होता, आमच्या दोघींच्या चांगली पुढे होती.

तेव्हा माझ्या आत जे काही झोपवून ठेवलं होतं ते खडबडून जागं झालं. शास्त्र गेलं खड्ड्यात, असं मी पाण्यात म्हणाले, बुडबुड्यांतून. अर्धी शर्यत झाल्यावर खांदे सुटले. पुढच्या वळणाला पाय आठवले. मी जोरात हात मारायला लागले तशी मासोळीही मारायला लागली, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्याजवळ करण्यासारखं काहीतरी होतं. शेवटच्या फेरीत त्या बारीक मुलीला आम्ही दोघींनी गाठलं, मागे टाकलं आणि भिंतीवर हात आपटले.

फलकावर माझ्या नावापुढे आणि मासोळीच्या नावापुढे एकच आकडा होता. अगदी शेवटच्या टिंबानंतरचासुद्धा. दोघी पहिल्या.

पंचबाई खाली आल्या. जागा एकच असेल आणि दोघी बरोबरीत असतील तर त्या दोघींनीच पुन्हा पोहायचं, असा नियम आहे. मध्ये विश्रांतीसाठी किती वेळ हवा ते खेळाडूंनी ठरवायचं. विश्रांती हा शब्द ऐकताच प्रेक्षकांत एकच धावपळ झाली. बाबा हवा भरायची गादी घेऊन पायऱ्या उतरायला लागले. एका मामाने कपडे बदलायच्या खोलीसमोर चादर आडवी धरली. आई आणि मासोळीच्या आई एकदमच पंचबाईंपाशी पोचल्या आणि एकीने मागितला त्याहून जास्त वेळ दुसरी मागू लागली. सरांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि सांगितलं की शर्यत दुपारनंतर ठेवा, मुलींना पूर्ण झोप मिळू दे.

मी ठोकळ्याला धरून उभी होते. छाती भात्यासारखी चालली होती, आणि मला कळत होतं की आत्ता मला कुणी गादीवर झोपवलं तर मी ओरडेन.

“आत्ता,” मी म्हणाले.

पंचबाईंनी मासोळीकडे पाहिलं.

“मी हिच्या आधी म्हणणार होते,” मासोळी म्हणाली. “आत्ता.”

दोघींच्या आयांनी आपापल्या मुलीकडे डोळे वटारून पाहिलं, पण नियमात आयांचं मत धरत नाहीत. रिकाम्या तलावात आम्ही दोघीच उतरलो. आठ लेन, त्यातल्या मधल्या दोन. बाकी पाणी एवढं शांत होतं की आमच्या लाटा भिंतीला लागून परत आमच्याकडेच येत होत्या. त्या पोहण्याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही कारण मी तेव्हा विचार करत नव्हते. एवढंच आठवतं की कधी तिचा खांदा पुढे दिसायचा, कधी दिसायचा नाही, आणि शेवटच्या फेरीत मी श्वास घ्यायचाच सोडून दिला, म्हणजे बघायला नको.

हात लावला. गॉगल वर केला. फलक पाहिला.

मासोळी पहिली. मी नखाएवढ्या फरकाने दुसरी. आणि दोघींचाही आकडा असा, जो आम्ही आयुष्यात कधी काढला नव्हता, आणि तोही दमलेल्या असताना, मध्ये न झोपता.

मी दोरीवर हात टाकून लोंबकळले. डोळ्यांतून जे यायला लागलं ते तलावाचं पाणीच आहे असं मी ठरवलं. तीही पलीकडून त्याच दोरीला लोंबकळली.

“तुला झोप यायची का गं आठवडाभर?” तिने विचारलं. वर्षभरातलं हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

“मस्त यायची,” मी म्हणाले.

“मला पण,” ती म्हणाली.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि इतकं हसलो की दोघींच्याही नाकात पाणी गेलं. मी आधीपासून रडतच होते, त्यामुळे ते एकत्रच झालं.

संध्याकाळी घरी माझ्या हरण्याचं शवविच्छेदन सुरू झालं. आईचं मत होतं की पंचबाईंचा त्या घराशी काहीतरी संबंध असणार, कारण त्या मासोळीच्या आईकडे बघून दोनदा हसल्या. बाबांना माझ्या लेनच्या पाण्याचा दाब कमी वाटला होता. दादाने टोपीचा रंग दोषी धरला, आणि त्याच्या सुरात चेष्टा किती आणि खरं किती ते कळेना. सरांचा फोन आला की मुलगी हरली तरी आकडा बघा, हे सगळं विश्रांतीचं फळ आहे, पुढच्या वेळी दोन आठवडे झोपवू. बाबा ‘हो सर, नक्की सर’ म्हणत माझ्या पलंगाकडे बघायला लागले.

मी जेवत होते. घास मीच घेत होते.

“ती माझ्यापेक्षा चांगली पोहली,” मी म्हणाले.

आईने उठून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी तिला सांगितलं की ताप नाही, ती शेवटच्या फेरीत माझ्यापेक्षा चांगली पोहली, एवढंच झालं, दुसरं काही झालं नाही. दादाने पहिल्यांदाच माझ्याकडे थोडा वेळ, न हसता पाहिलं.

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. आणि मला खात्री आहे, मासोळीला ते आजपर्यंत एकदाही जमलेलं नाही. निदान त्या बाबतीत मी तिच्या पुढे आहे.